आजाराचा कागद कुणाचा?

घरातल्या माणसाचा आजार उंबऱ्याबाहेर जाऊ नये, या मताचा मी बहुतेक आयुष्यभर होतो. डॉक्टरला सांगावं, तेही त्याने विचारलं तेवढंच. शेजारी, पाहुणे, औषधाचा दुकानदार, गावात फिरणाऱ्या आशाताई, परगावी राहणारे चुलतभाऊ, यांपैकी कुणालाही त्यातलं काही कळायचं कारण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, तेव्हा मुलांच्या आरोग्य तपासणीचे तक्ते मी हजेरीपटाबरोबर टेबलावर कधी राहू दिले नाहीत, कपाटात कुलपात ठेवले. त्याबद्दल मला आजही समाधान आहे. पण म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत माझं मत बदललं आहे. का बदललं आणि कुठपर्यंत बदललं ते सांगतो, कारण आमच्या रोहिणखेडला आणि आसपास माझ्यासारखा विचार करणारी घरं पुष्कळ आहेत, आणि तो विचार अडाणीपणातून आलेला नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर तो आला आईच्या क्षयातून. मी प्राथमिक शाळेत होतो. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असायची, गोळ्या वर्ष-दीड वर्ष चालायच्या. आईला काही महिने औषधपाण्यासाठी बाहेरगावी ठेवलं होतं. कुणी विचारलं तर पोटाचं दुखणं म्हणून सांगायचं, अशी आजोबांची ताकीद होती. आम्ही भावंडं तेच सांगायचो. तरीही बातमी फुटली. दवाखान्यात काम करणाऱ्या कुणीतरी बोललं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलं. आई पुढे पूर्ण बरी झाली, सत्तरी ओलांडून गेली, पण त्या मोडलेल्या लग्नाचा विषय तिच्यासमोर कधी काढता आला नाही. ज्या घराने हे भोगलं, त्या घराला ‘माहिती द्या, लपवू नका’ असं सांगायला येणाऱ्या माणसाने आधी हे ऐकून घ्यायला हवं. क्षय, कोड, फिट, मनाचा आजार, एचआयव्ही, गर्भपिशवीचं ऑपरेशन: गावात यांतलं एकेक बाहेर पडलं की त्याची किंमत माणसाला, आणि बाईमाणसाला दुप्पट, मोजावी लागते.

आई नव्हती त्या महिन्यांत मला मोठ्या आईने सांभाळलं. मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आज ती ऐंशीच्या आसपास आहे. माझं मत बदललं ते तिच्यामुळे.

पण आधी जुनी व्यवस्था कशी होती ते सांगायला हवं, कारण माझं मत तिच्यावरच उभं होतं. आमच्या भागात तेव्हा एक डॉक्टर होते. मोठी पदवी नव्हती, मात्र तीसेक वर्षं तेच होते. कुणाला पेनिसिलिन चालत नाही, कुणाच्या बापाला दमा होता, कोणती सून पहिल्या बाळंतपणात मरता मरता वाचली, कोण दारू पितो आणि नाही म्हणून सांगतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. कागद नव्हता, फाइल नव्हती. गुपितही राहत होतं आणि उपचारातही खंड पडत नव्हता, कारण दोन्ही एकाच माणसापाशी होतं. डॉक्टर वारले आणि दोन-तीन पिढ्यांची माहिती त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. गावाला इतकंच वाटलं की चांगला माणूस गेला.

एकाच डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जाण्याला किती मोल आहे, हे आता अभ्यासकही सांगतात. इंग्लंडमधले डॉक्टर डेनिस परेरा ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली वेगवेगळ्या देशांतले २२ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतल्या १८ अभ्यासांत असं दिसलं की ज्यांचा डॉक्टर टिकून राहतो, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी असतं. आमच्या डॉक्टरांना हे वाचून नवल वाटलं नसतं.

आता ती व्यवस्था उरलेली नाही. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी. आजारी माणूस घाट चढून बुलढाण्याला जातो, नाहीतर खाली मोताळ्याला, मलकापूरला. जरा मोठं दुखणं असेल तर अकोला, जळगाव किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. बुलढाण्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं, ऑक्टोबर २०२४मध्ये त्याचं उद्घाटन झालं. हे सगळं चांगलंच आहे, आमच्या आईच्या काळी यातलं काही नव्हतं. पण वाटा वाढल्या तसे माणसाच्या दुखण्याचे तुकडेही झाले. डोळे एकाकडे, गुडघे दुसऱ्याकडे, शुगर तिसऱ्याकडे. त्यात मुलगे विखुरलेले. एक गावी शेती पाहतो, दुसरा पुण्याला चाकणला कंपनीत. आई मग चार महिने इकडे, चार महिने तिकडे. मलकापूरला गाडीत बसते ती एक डॉक्टर मागे ठेवून, आणि पुण्याला उतरली की दुसरा सुरू होतो. आमच्याकडे पाळीपाळीने मुलांकडे राहणाऱ्या आयांची आणि बापांची गणती केली तर गल्लीगल्लीत सापडतील.

आजारही पूर्वीसारखे राहिले नाहीत. ताप आला, औषध घेतलं, उतरला, असं म्हाताऱ्या माणसाचं नसतं. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभर केलेल्या पाहणीत साठीच्या पुढच्या बहुसंख्य लोकांना कुठला ना कुठला दीर्घकाळ चालणारा आजार आढळला. बीपी, शुगर, संधिवात, हृदय. हे आजार बरे होऊन जात नाहीत, ते माणसाबरोबर राहतात. माणूस घर बदलतो तेव्हा आजार बरोबर जातो, माहिती मागे राहते.

मोठ्या आईचं तसंच झालं. पुण्याला धाकट्याकडे असताना तिथल्या डॉक्टरांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध एकत्र असलेली गोळी दिली. योग्यच दिली. पावसाळ्याच्या तोंडावर ती गावी आली. इथे दाखवलं तेव्हा बीपी थोडं चढलेलं होतं, प्रवासाचं असेल. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे का. ती म्हणाली, एक आहे. कोणती, ते तिला सांगता येईना. त्यांनी टेल्मिसार्टन दिली, दुसऱ्या कंपनीची. तीही योग्यच. पुण्याची गोळी गोल होती, ही लांबट. दोन वेगळ्या गोळ्या म्हणून ती दोन्ही खात राहिली. मग निंदणीच्या दिवसांत गुडघे दुखायला लागले, हाडांच्या डॉक्टरांनी दुखणं थांबवणारी गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. गुडघ्यांना उतार पडला म्हणून ती तिने जास्तच दिवस घेतली.

टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध, लघवीचं औषध आणि दुखणं थांबवणारी गोळी ही तीन एकत्र आली की म्हाताऱ्या माणसाच्या मूत्रपिंडावर काय होतं, हे डॉक्टर मंडळींना पाठ असतं. पहिलं औषध रक्तदाब उतरवतं, दुसरं अंगातलं पाणी कमी करतं, तिसरं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ रोखतं. एकेकटं चालतं, तिन्ही मिळून मूत्रपिंड बसू शकतं. त्यात तिला जुलाब झाले. एका सकाळी अंगणात सडा टाकता टाकता ती खाली बसली आणि उठेना. बोलणं असंबद्ध झालं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी फार उतरलेलं, रक्तातलं सोडियम घसरलेलं, क्रिएटिनिन चढलेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो साधा होता: गोळ्या कोणत्या चालू आहेत? आम्ही तिघं उभे होतो. थोरल्याला इथली गोळी माहीत, पुण्याची नाही. सुनेला गुडघ्याची माहीत. धाकटा फोनवर, त्याला पुण्याची माहीत, पण नाव आठवेना, कागद तिकडे कपाटात. मी जवळचा असूनही मला काहीच माहीत नव्हतं, कारण विचारायचं नाही हीच माझी रीत होती.

मग घरून तिची पिशवी आणवली. साडीच्या दुकानाची पिशवी, बंद फाटलेली. त्या डॉक्टरने ती पलंगावर पालथी केली. ते दृश्य मी अजून विसरलो नाही, म्हणून सविस्तर सांगतो. गोळ्यांच्या पट्ट्या अर्ध्या कापलेल्या. दुकानात पाच-पाच, सहा-सहा गोळ्या मागितल्या जातात, मग दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. नाव आणि मुदत पट्टीच्या ज्या अर्ध्यावर छापलेली असते, तो अर्धा दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेला. काही गोळ्या कागदाच्या चिमुकल्या पाकिटांत, वर पेनाने दोन आडव्या रेघा, म्हणजे दोनदा घ्यायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं कार्ड, तिघांच्या रक्ताचे रिपोर्ट, त्यांतला एक तिच्या वारलेल्या नवऱ्याचा. काही वर्षांपूर्वीची ईसीजीची पट्टी होती, तिच्यावर काहीही दिसत नव्हतं. तो कागद उष्णतेने छापला जातो आणि उन्हाळे खाऊन पांढरा पडतो. त्या ईसीजीवर कधीतरी काय दिसलं होतं, हे आता जगात कुणालाच सांगता येणार नाही. त्या डॉक्टरने उरलेल्या अक्षरांवरून एकेक पट्टी ओळखली, दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाला, ‘काका, या दोन्हींत एकच औषध आहे.’

सलाईन लागलं, गोळ्या तात्पुरत्या थांबवल्या, मोठी आई वाचली. क्रिएटिनिन हळूहळू खाली आलं. यात दोष कुणाला द्यायचा हे मी पुष्कळ शोधून पाहिलं. तिन्ही डॉक्टरांनी आपल्यासमोर जे होतं त्यावरून बरोबर औषध दिलं. मुलांनी दाखवण्यात कसूर केली नाही. तेव्हा मला माहीत होतं तेवढ्यापुरतं तरी, तिने गोळ्या चुकवल्या नाहीत, उलट नेमाने घेतल्या. सगळे आपापल्या जागी बरोबर असताना माणूस मरणाच्या दारापर्यंत गेला, एवढ्याचसाठी की एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं. माझी जुनी समजूत अशी की माहिती बाहेर गेली तर माणसाचं नुकसान होतं. ती खरीच होती. पण माहिती आत कोंडली तरी माणूस जातो, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली, तेव्हा लक्ष देण्याच्या तीन जागा सांगितल्या: धोक्याच्या परिस्थिती, एकाच माणसाला चालू असलेली अनेक औषधं, आणि एका दवाखान्यातून दुसरीकडे किंवा घरी जातानाचा टप्पा. मोठी आई यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवर एकाच वेळी उभी होती, आणि तिच्यासारखी पाळीपाळीने राहणारी प्रत्येक म्हातारी तिथेच उभी असते. डेन्मार्कमध्ये प्रत्येक माणसाच्या चालू औषधांची एकच सरकारी यादी असते. घरचा डॉक्टर, रुग्णालय आणि औषधाचं दुकान, सगळे तीच पाहतात. छोटा देश आहे, पैसा आहे, हे मान्य. पण कल्पना साधी आहे: यादी डॉक्टरगणिक नाही, माणसागणिक एक.

त्यानंतर मी कायदा वाचला, जमेल तसा. माझी समजूत होती की केस पेपर हा दवाखान्याचा असतो, मागितला तर उपकार म्हणून मिळतो. तसं नाही. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की गुप्ततेचं कारण पुढे करून रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केस पेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत आहे की दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. त्याच संहितेत २०१६ साली दुरुस्ती झाली: औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. मूळ नाव पट्टीवर आणि कागदावर वाचता आलं असतं, तर गोल आणि लांबट गोळीत एकच औषध आहे हे सुनेलाही कळलं असतं, ती बारावी झालेली आहे.

आणि ज्या खासगीपणाची बाजू मी इतकी वर्षं घेत आलो, त्याचाही निकाल वाचला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. निकाल लागला तेव्हा त्यांचं वय ९१ होतं. नव्वदी ओलांडलेल्या माणसाने देशाला हा हक्क मिळवून दिला, हे मला फार मोलाचं वाटलं. म्हाताऱ्यांना खासगी असं काय असतं, असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. त्या हक्काचा अर्थ असा की माझी माहिती कुणाला द्यायची हे मी ठरवीन. मी आजवर त्याचा अर्थ ‘कुणालाच द्यायची नाही’ असा घेत होतो, आणि मोठ्या आईच्या वतीने ठरवणारा मीच होतो, तिला न विचारता. माझं मत खरं बदललं ते या ठिकाणी.

म्हणून तिला विचारलं. ती घरी आल्यावर एका दुपारी आरोग्य केंद्रातल्या बाईंना बोलावून बसलो, फुलस्केप कागद घेतला. आधी ती नाहीच म्हणाली. ‘माह्यं दुखणं माह्यापाशी. लोकाईले कायले पाह्यजे?’ मी म्हटलं, लोकांना नाही, फक्त डॉक्टरला, दोन्ही पोरांना आणि आरोग्य केंद्रातल्या बाईंना. तिने थोडा विचार केला. ‘जावेले नको,’ म्हणाली. ठीक, जावेला नको. धाकट्याच्या सासरी कळता कामा नये, हेही तिने घालून दिलं.

मग एकेक ओळ लिहिली. आजार आणि तो कधीपासून. ऑपरेशनं. काय चालत नाही. चालू गोळी, तिचं मूळ नाव, ताकद, वेळ, कुणी दिली आणि कशासाठी दिली. शेवटचं क्रिएटिनिन, सोडियम, शुगर, बीपी, तारखेसह. अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. यातला सगळ्यांत कामाचा रकाना आरोग्य केंद्रातल्या बाईंनी सुचवला, आणि तो मला कधीच सुचला नसता: बंद केलेल्या गोळ्या, आणि का बंद केल्या. चालू गोळ्या पिशवीत सापडतात, बंद केलेल्यांचा माग कुठेच राहत नाही. एका गोळीने तिला कोरडा खोकला लागला होता, एकीने पाय सुजले होते. नवा डॉक्टर ती गोळी पुन्हा देईल, पाय पुन्हा सुजतील, मग सुजेवर आणखी एक गोळी येईल. त्या एका रकान्याने एवढं टळतं.

शेवटी बाईंनी विचारलं, लघवीची गोळी रोज घेता ना? मोठी आई गप्प. मग मला बाहेर जायला सांगितलं. मी ओसरीवर गेलो. नंतर तिनेच मला सांगितलं, आणि इथे लिहायची परवानगीही तिचीच आहे. ‘एस्टीत बसायचं असलं का मी थे गोळी खातच नाही. रस्त्यात बाईमाणसानं जावं कुठी?’ बुलढाण्याला तपासायला जायच्या दिवशी ती नेमकी ती गोळी वगळायची. म्हणजे डॉक्टर ज्या दिवशी बीपी मोजत, तो दिवस गोळी न घेतल्याचा असे. चढलेलं बीपी पाहून औषध वाढत असे. हे कुठल्या फाइलमध्ये लिहिलेलं असणार? कुठल्या संगणकात? ती माहिती फक्त तिच्यापाशी होती, आणि ती सांगायला तिला एक विश्वासाची बाई आणि बंद दार हवं होतं. बाईंनी डॉक्टरांना विचारून त्या गोळीची वेळ बदलून घेतली, प्रवासाच्या दिवशी घरी परतल्यावर. कागदावर फक्त वेळ लिहिली. कारण लिहिलं नाही. तिला ते नको होतं.

माहिती वाटून घ्यायची म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं. डॉक्टर डॉक्टरला सांगतील ते हवंच, पण म्हातारं माणूस स्वतः काय सांगतं आणि काय राखून ठेवतं, हेही त्यातच येतं. राखून ठेवलेल्या गोष्टीमागे कारण असतं. त्या कारणाला वाट काढून दिली की माहिती आपोआप येते.

कुणी म्हणेल, आता सगळं मोबाइलवर आलं आहे, फुलस्केप कागद कशाला? आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालं. आभा नावाचा १४ आकडी क्रमांक मिळतो. कागद जिथे तयार झाला त्या दवाखान्याच्या संगणकातच राहतो आणि तुम्ही संमती दिलीत तर ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या डॉक्टरला दिसतो. संमती परतही घेता येते. रचना विचारपूर्वक केलेली आहे आणि मी तिच्या बाजूने आहे, आता. मोठ्या आईचा क्रमांक काढला आहे. पण आमच्याकडच्या पुष्कळ छोट्या दवाखान्यांत अजून चिठ्ठीच चालते, त्यामुळे त्या खात्यात भरायला फार काही नाही. आणि त्या खात्याचा ओटीपी जातो कुठे? नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे धाकट्याच्या, चाकणला. तो पाळीत असतो, फोन कपाटात. ओटीपी ज्याच्या हातात, संमती त्याची, मग आईची संमती कुणी विचारली? गावोगाव म्हाताऱ्यांचे क्रमांक मुलांच्या फोनला जोडलेले आहेत. हे नीट सोडवल्याशिवाय रुग्णाची संमती म्हणजे मुलाची संमती होऊन बसेल.

धोकेही खरे आहेत. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस देशातलं एवढं मोठं रुग्णालय हाताने कागदावर काम करत होतं. आणि रोजचा धोका तर याहून जवळचा आहे: कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. मोठी आई दवाखान्यात होती तेव्हा तिचे रिपोर्ट ग्रुपवर पडले. तिथे पाहुणे, त्यांचे जावई, सगळे. कुणी घरगुती काढे सुचवले, कुणी ‘किडनी गेली’ म्हणून परस्पर ठरवून टाकलं. उपचाराला त्यातून काडीचा उपयोग झाला नाही. ज्याच्या हाती उपचाराचं काही काम आहे त्याला पूर्ण सांगावं, बाकी कुणाला काहीही सांगू नये. माझं जुनं मत यातल्या दुसऱ्या अर्ध्यात अजून जसंच्या तसं आहे आणि मी ते सोडणार नाही.

मोठी आई दिवाळीनंतर पुण्याला गेली तेव्हा कागद तिच्याबरोबर होता. एक प्रत थोरल्याकडे, एक आरोग्य केंद्रात. पुण्याच्या डॉक्टरांनी तो वाचला, एक गोळी कमी केली, खाली तारीख टाकून सही केली. परत आली तेव्हा इथल्या डॉक्टरांनी वाचून पुढे लिहिलं. ते दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

सरकारकडे माझं एक मागणं आहे. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. वजन, लस, तपासणी सगळं त्यावर असतं. माहेरी गेली तरी कार्ड बरोबर जातं आणि माहेरची परिचारिका पुढचा रकाना भरते. माहेर आणि सासर अशा दोन गावांत विभागलेल्या बाईची काळजी अखंड कशी ठेवायची, हे आपल्या आरोग्य खात्याने फार पूर्वी कागदाच्या एका कार्डाने करून दाखवलं आहे. दोन मुलांत विभागलेल्या म्हातारीला तसंच कार्ड का नाही? ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे. मोठी गोष्ट आहे. पण ते खर्चाचं कार्ड आहे, कोणती गोळी चालू आणि कोणती बंद हे त्यावर नसतं. आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचे बीपी-शुगरच्या तपासणीचे फॉर्म घरोघर जाऊन भरतातच. साठीच्या पुढच्यांसाठी त्याला एक कार्ड जोडावं, ते त्या माणसाच्या हातात द्यावं, आणि प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो की खासगी, त्यावर लिहिणं बंधनकारक करावं.

ते येईल तेव्हा येवो. तुमच्या घरी पाळीने राहणारे आई-वडील असतील, तर पुढच्या वेळी त्यांना गाडीत बसवण्याआधी एक दुपार त्यांच्याजवळ बसा. त्यांची गोळ्यांची पिशवी त्यांच्यासमोर, त्यांना विचारून उघडा. चालू काय, बंद काय, कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या. औषधाच्या दुकानात पट्टी कापून घेताना नाव आणि मुदत असलेला अर्धा मागून घ्या. आणि तो कागद त्यांच्याच पिशवीत ठेवा.